नागवं कोण, नागवलेलं कोण

अंतराळातली गोष्ट आहे म्हणून नाक मुरडू नका, दोस्तहो. ‘स्टार ट्रेक’ नावाची अमेरिकन मालिका आहे. तिच्यात फेरेंगी नावाची एक जमात आहे. आता हा शब्द कुठून आला? आपल्या ‘फिरंगी’चाच तो भाऊ. अरबी-फारसीतून निघून सगळ्या आशियाभर फिरलेला, गोऱ्या परक्याला चिकटलेला शब्द. ज्यांना आपण फिरंगी म्हटलं त्यांनीच तो उचलला आणि परग्रहावरच्या हावरट व्यापाऱ्याला लावून टाकला. स्वतःची घाण दुसऱ्या ग्रहावर नेऊन टाकायची ही जुनी सवय. मोठे कान, मोठं नाक, पैशासाठी वळवळणारे हात. युरोपात ज्यूंची जी चेष्टेची चित्रं काढत तीच यात दिसतात असं पुष्कळ टीकाकारांनी म्हटलंय, आणि ते खोटं नाही. पण तो वेगळा मुद्दा. मला बोलायचंय त्यांच्या बायकांबद्दल.

नफा हा फेरेंग्यांचा देव. नफ्याचे २८५ नियम ही त्यांची स्मृती. आणि त्यांच्या बायकांनी कपडे घालायचे नाहीत. चालरीत म्हणून नाही, कायदाच तसा. नागवं राहायचं, परक्याशी बोलायचं नाही, मनाला येईल तेव्हा घराबाहेर पडायचं नाही, आणि नफा कमवायचा नाही. ग्रह तरी कसला? फेरेंगिनारवर पाऊस म्हणून थांबत नाही. सदा रिपरिप, सदा चिखल. त्या पावसात पुरुष भरजरी कोट घालून, डोक्याच्या मागंसुद्धा झालर लावून हिंडतात. आणि बाई आत. उघडी.

१९८७ साली हे फेरेंगी पहिल्यांदा पडद्यावर आले. पृथ्वीवरची एक बाई गणवेशात, पुरुषांच्या बरोबरीनं कामावर उभी. तिला बघून त्यांना शिसारी आली. त्यांचं म्हणणं असं की बाईला कपडे घालणं म्हणजेच दुसऱ्याला ते फेडायला बोलावणं. हसू नका. इथं पोरीवर हात पडला की पंच काय विचारतात? कपडे कमी होते का? तिथले पंच म्हणतात कपडे होतेच कशाला? कापड उलटं करून बघा, वीण तीच. पुरुषाच्या हाताचा हिशेब दोन्हीकडं बाईच्या अंगावर मांडलेला.

आता एक शहाणा मला म्हणाला, अरे, नागवं असण्यात वाईट काय? माणूस जन्मतोच नागवा. शरीराची लाज ही भटा-पाद्र्यांनी शिकवलेली. मी म्हणतो, शंभर टक्के कबूल. म्हणून तर त्याच मालिकेतला दुसरा ग्रह बघ. बेटाझेड. तिथल्या लग्नात नवरा, नवरी, वऱ्हाडी सगळेच विवस्त्र. पुरुष नि बाई, दोघंही. कुणाला काही वाटत नाही. १९९२ च्या एका भागात तिथली ल्वाक्साना ट्रॉय नावाची प्रौढ बाई एका मंत्र्याशी लग्न करायला निघते. मंत्री असा की शिष्टाचाराच्या पोथीशिवाय शिंकणार नाही, सोबत पोथी सांभाळणारा माणूसही आणलेला. ही बाई लग्नाच्या वेळी आपल्या रिवाजाप्रमाणे तशीच येऊन उभी राहते. मंत्री आणि त्याचा पोथीवाला तोंड लपवून पळतात. ती मजेत.

एका ग्रहावर बाई नागवी आहे आणि कुणाच्या बापाला भीत नाही. दुसऱ्या ग्रहावर बाई नागवी आहे आणि नागवलेली आहे. मराठीनं हे दोन शब्द एकाच मुळातून काढलेत. नागवणं म्हणजे लुबाडणं. कपडे ही त्यात सगळ्यात शेवटी जाणारी गोष्ट. त्याआधी पैसा जातो, वाट जाते, तोंड जातं. फेरेंग्यांनी हे चारही एका कायद्यात बसवले.

कसे बसवले ते नीट बघा, कारण कळीचा मुद्दा इथंच आहे. कपडे नाहीत म्हणून बाई बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर जाऊ शकत नाही म्हणून धंदा नाही. धंदा नाही म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून घरात. भिंत बांधायला नको, कुलूप नको, पहारेकरी नको. नुसतं लुगडं काढून घ्यायचं. लाज हाच पहारेकरी आणि त्याला पगार द्यावा लागत नाही.

१९९३ च्या एका भागात पेल नावाची बाई पुरुषाचे खोटे कान लावते, पुरुषाचा कोट घालते आणि क्वार्क नावाच्या दारूगुत्तेवाल्याकडं नोकरी धरते. सौद्यात ती मालकापेक्षा हुशार निघते. पुढं तिचं बाईपण उघड होतं तेव्हा त्यांचा सर्वोच्च सत्ताधारी, ग्रँड नेगस झेक, तिला तुरुंगात घालायला निघतो. मग त्याला आठवण करून देतात की बाबा रे, तुझ्याच वतीनं ही बाई सौदा करत होती. झालं. तोंडं बंद. गुन्हा तोच, पण आपली अब्रू जाते म्हटल्यावर कायदा गप्प बसतो. हे बघायला परग्रहावर जायची गरज नाही.

आणि १९९५ ला आली इश्का. क्वार्कची आई. म्हातारी. तिनं घरात बसून गुपचूप पैसा गुंतवला आणि नफा काढला. नवऱ्यापेक्षा, पोरापेक्षा तिचं डोकं धंद्यात चालतं. खबर लागली. ब्रंट नावाचा सरकारी वसुलीवाला आला, आईला आवर नाही तर तुझा गुत्ता गेला म्हणून क्वार्कच्या छातीवर बसला. क्वार्क धावत घरी. बघतो तर आई अंगभर कपडे घालून समोर. सरकारला दुखलं तिच्या पैशाचं, पोराला दुखलं तिच्या कपड्यांचं. पोटचा पोरगा आईला ओरडून सांगतो, काढ ते. मी ते दृश्य मोबाईलवर तीनदा बघितलं. लोक त्याला विनोदी भाग म्हणतात. मला हसू आलं नाही.

आमच्या मुलखात याचा पडदा नव्हता, प्रत्यक्ष होतं. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार बायकांनी छाती झाकायची नाही असा दंडक होता. छाती उघडी ठेवणं म्हणजे वरच्या जातीला मान देणं. बायकांनी झाकली. मारहाण झाली, कपडे फाडले गेले, दंगली पेटल्या. वर्षानुवर्षं हा लढा चालला. शेवटी २६ जुलै १८५९ ला महाराजाचा जाहीरनामा निघाला. काय निघाला? झाका, पण वरच्या जातीच्या बायका झाकतात तशी नाही. ख्रिस्ती झालेल्या नाडार बायकांसारखी बंडी घाला, नाही तर कोळणींसारखं जाडंभरडं कापड गुंडाळा. म्हणजे अंग झाकायला परवानगी, बरोबरीला नाही. यातला ‘पण’ मोठा चिवट आहे. कपडा मिळाला तरी कपड्याची तऱ्हा त्यांच्याच हातात.

मनूनं तर तऱ्हाही ठरवून दिली होती. चांडाळानं मढ्यावरचे कपडे घालावेत, दागिने लोखंडाचे. कपडा काढून घेता आला नाही तर असा द्यायचा की लांबून ओळखू यावा. एडगर राईस बरोज नावाच्या लेखकाची मंगळावरची एक गोष्ट १९१२ साली छापून आली. तिथं राजकन्या, शिपाई, गुलाम सगळेच उघडे, अंगावर फक्त पट्टे आणि दागिने. वाटतं, सुटलो बुवा कपड्यांच्या उतरंडीतून! कुठलं काय. तिथं पायरी धातूवरून ओळखतात. मारलेल्या योद्ध्याचा धातू अंगावर चढला की त्याचा हुद्दा चढला. कपडे काढले तरी उतरंड नागवी झाली नाही, ती धातूत जाऊन बसली.

बाबासाहेबांना हे कुणी मंगळावरून सांगायला नको होतं. डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी बायकांना लुगड्याबद्दल सांगितलं, गोटपाटल्यांबद्दल सांगितलं. तुमच्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या चांदी-कथलावरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण टाकून द्या. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा. बायकांनी लुगड्याची नेसणच बदलली.

आणि आता आपल्यातल्याच ब्रंटकडं येतो. मागच्या महिन्यात एका बैठकीत एक वजनदार कार्यकर्ता उठला. मोर्च्यात पोरींनी पांढरी साडीच नेसून यावं, जीन्सवालीनं पुढच्या रांगेत दिसू नये, चळवळीची शोभा जाते, म्हणाला. स्वतः अंगात काय होतं? जीन्स. कुणी हटकलं तर वर महाडचा दाखला दिला. बाबासाहेबांनीसुद्धा बायकांना कपड्यांबद्दल सांगितलंच होतं की!

सांगितलं होतं, गड्या. पण काय सांगितलं होतं? दुसऱ्यानं लादलेली खूण काढून टाका, हे सांगितलं होतं. तू काय सांगतोस? मी देतो ती खूण लावा. पांढरी साडी माझ्या आईचीही आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर ती नेसून रांगेत उभी राहते तेव्हा तिच्यासमोर मी मान झुकवतो. ती तिनं स्वतः काढलेली, स्वतः धुतलेली, स्वतःच्या मनानं नेसलेली साडी आहे. तुझ्या हुकमानं नेसवलेली साडी आणि क्वार्कच्या हुकमानं काढलेली साडी, यातला फरक मला कापडाच्या दुकानात दाखव. इश्काला कपडे घालायचे होते. ल्वाक्सानाला काढायचे होते. आपल्या पोरीला जीन्स घालायचीय. तू तिन्ही ठिकाणी आडवा.

शेवटी फेरेंगी बायकांचं काय झालं ते सांगतो, कारण तिथंही आपल्या लोकांनी डोळे उघडे ठेवायला पाहिजेत. १९९८ च्या भागात झेकच कायदा आणतो, बायकांना कपडे घालायची मुभा. त्याला हे शिकवलं इश्कानं, त्याचा कारभार मागून तीच बघत होती. ग्रहावर बोंब उठते, झेकची गादी जाते, ब्रंट गादीवर बसतो. मग शीतपेयाच्या एका कारखानदाराला पटवायचं असतं. पटवायला कोण जातं? क्वार्क, बाई बनून! बाईची बाजू मांडायला पुरुषाला लुगडं नेसवून उभा केला. आपल्या तमाशातल्या मावशीला त्याच्यापेक्षा जास्त अक्कल असते, ती निदान राजाची फिरकी घेते. आणि कारखानदाराला पटतं काय? बाई माणूस आहे, हे नाही. बाई कपडे घालेल, बाहेर पडेल, कमवेल, तर आपला माल विकत घेईल. गिऱ्हाईक दुप्पट. माणुसकीचा एक शब्द त्या सौद्यात नाही. १९९९ ला इश्काचा धाकटा पोरगा रॉम नेगस होतो, साधा, मनाचा चांगला माणूस. त्याचंही गुणगान होतं. पण बाईला कपडा मिळाला तो बाजाराच्या फाटकातून, हे त्या मालिकेला खटकत नाही. मला खटकतं.

आणखी एक खटकतं, ते मागावर उभं राहणाऱ्यालाच खटकेल. एवढ्या सगळ्या भागांत दिसतात त्या पेल आणि इश्का. एक सौद्यात हुशार, एक गुंतवणुकीत हुशार. चिखलातल्या घरात राहणारी, धंद्याची अक्कल नसलेली, नुसती अंगमेहनतीची फेरेंगी बाई एकदाही समोर येत नाही. तिला कपडे हवे होते की नाही, कसले हवे होते, कुणी विचारलं? आणि एका ग्रहाच्या सगळ्या बायकांना एकदम कापड लागणार, त्या न थांबणाऱ्या पावसात. हजारो मैल लांब कापड. आमच्या लूमखात्यात एक तागा उतरायला किती घाम जातो ते मला ठाऊक आहे. तिथं मागावर कोण उभं राहणार होतं, कुठल्या पाळीत, किती पगारावर, हे मी शेवटपर्यंत शोधत होतो.