मवाळांचे धैर्य

मवाळ म्हणजे भित्रा, असा समज आपल्यात रूढ आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र तो खोडून काढते. १८६६ साली कोतळूक येथे गरीब घरी जन्मलेले गोखले १९०५ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जहाल त्यांना दुबळे म्हणत. सरकार त्यांजकडे संशयाने पाही. तरीही १९११ साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१५ साली गोखले निवर्तले. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अमलात आला.
तापीकाठच्या मातापित्यांनो, ज्या हक्कासाठी त्यांनी पराभव पत्करला, तो आपण कापूसवेचणीच्या चार दिवसांच्या मजुरीसाठी मुलांकडून हिरावून घ्यावा काय?