जोयड्याची कुरणं आणि रानमोडी

काळी व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकवायचा तर आधी चितळ, गवा टिकला पाहिजे. आणि तो टिकतो गवतावर. या प्रकल्पातल्या जोयडा तालुक्यात पाऊस उदंड, तरी मोकळ्या माळांवर रानमोडी आणि घाणेरी ही तणं माजली, की खाली गवत उगवत नाही. शिवाय सुकलेली रानमोडी उन्हाळी वणव्याला आयतं सरपण पुरवते.

नुसती छाटणी म्हणजे पैशाचा चुराडा, बुडखा फुटतोच. घाणेरीचं मूळ मातीखाली, फुटव्याच्या जागेच्या खालून तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं. रानमोडी पावसाळ्यात, माती मऊ असताना आणि फुलोऱ्यापूर्वी उपटावी. तिचं केसाळ बी वाऱ्यावर दूर जातं. मोकळ्या जागी लगेच गवत हवं, नाहीतर तण परततं. गवताचं बी बाजारातून आणू नये, इथल्याच माळांवरून गोळा करावं. दाट जंगल तोडून कुरणं करणं मात्र चुकीचंच.

मोकळ्या जागी कुरण होऊ शकतं: ताडोबा व्याघ्र प्रकल्पात नवेगाव या गावाचं स्थलांतर झाल्यावर तिथे कुरण उभं राहिलं. जोयड्यात कुणबी आणि गवळी कुटुंबं गवत ओळखतात. तण काढून कुरण राखण्याचं काम ठेकेदाराला एका हंगामापुरतं न देता त्यांना सलग काही वर्षं, रीतसर मजुरीवर द्यावं. वनखात्याने तशी तरतूद याच अंदाजपत्रकात करावी.