कवच वकिलातीचे, जखम मोलकरणीची

मिहानमध्ये परदेशी माणूस दिसला तर आता कुणी वळून पाहत नाही. फ्रान्सच्या दासो कंपनीच्या फाल्कन विमानांचे भाग इथे तयार होतात, एअर इंडियाची विमाने दुरुस्तीला येतात. समजा, उद्या एखाद्या परदेशी तंत्रज्ञाने वर्धा रोडवर कुणाला गाडीने उडवले, तर? पासपोर्ट कुठलाही असो, त्याला आपल्यासारखीच पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल. पण गाडीला वकिलातीची निळी पाटी असेल, तर? मग हिशेबच बदलतो.

दूताला मारू नये, हे बिभीषणाने रावणाच्या दरबारात सांगितले होते. तीच नीती 1961 च्या व्हिएन्ना कराराने जगाचा कायदा केली. राजदूत व त्याच्या मुत्सद्दी सहकाऱ्यांना यजमान देश अटक करू शकत नाही, त्यांच्यावर फौजदारी खटला चालवू शकत नाही. मात्र मुंबईसारख्या शहरांतील वाणिज्यदूतांना 1963 च्या करारान्वये मिळणारे कवच तोकडे आहे. सरकारी कामापुरते संरक्षण. गंभीर गुन्ह्यात अटकही होऊ शकते.

या फरकाचा चटका एका मराठी अधिकारी महिलेला बसला. देवयानी खोब्रागडे न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. 12 डिसेंबर 2013 रोजी मुलींना शाळेत सोडल्यावर त्यांना अटक झाली आणि कपडे उतरवून झडती घेण्यात आली. भारतातून नेलेल्या मोलकरणीच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी कमी पगार दिला, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. देश खवळला. दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे अडथळे हटवले गेले. भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतील आपल्या कार्यालयात केली, पूर्ण संरक्षण मिळाले आणि जानेवारी 2014 मध्ये त्या मायदेशी परतल्या. मार्चमध्ये न्यायालयाने याच संरक्षणामुळे आरोपपत्र रद्द केले. दोनच दिवसांत नवे दाखल झाले.

झडतीचा अपमान संतापजनकच होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारला का? ती मोलकरीणही भारतीयच होती ना?

दोन वर्षांनी पारडे फिरले. सप्टेंबर 2015 मध्ये गुडगावात एका सौदी मुत्सद्द्याच्या घरातून दोन नेपाळी महिलांची सुटका झाली. अमानुष अत्याचाराचे आरोप होते. संरक्षणाच्या आधारे तो मुत्सद्दी निघून गेला. आता हात चोळत बसायची पाळी आपली होती.

मग हे कवच मोडून टाकावे काय? नाही. ते मोडले तर शत्रुराष्ट्रांतील आपले अधिकारी खोट्या खटल्यांत अडकतील. मात्र करारातच वाटा आहेत. पाठवणारा देश संरक्षण काढून घेऊ शकतो, यजमान देश हकालपट्टी करू शकतो आणि स्वदेशातील न्यायालयापासून मुत्सद्द्याला सुटका नाही. ही शेवटची वाट प्रत्येक देशाने, आपणही, खरोखर वापरली पाहिजे.

संरक्षण राष्ट्राच्या कामाला असते, घरातल्या मोलकरणीचा पगार बुडवायला नव्हे. गुडगावच्या वेळी जो न्याय आपण मागितला, तो न्यूयॉर्कच्या वेळीही मागायला हवा होता.