जॉर्डनस आणि कोकणातील ख्रिस्ती धर्माचा आरंभ

जॉर्डनस कॅटलानी हा दक्षिण फ्रान्समधील सेवेराक गावचा डॉमिनिकन भिक्षू होता. चौदाव्या शतकात तो ठाणे-सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर राहिला. त्या काळात त्याने आपल्या धर्मबंधूंना लॅटिनमध्ये पत्रे लिहिली आणि पुढे ‘मिराबिलिया देस्क्रिप्ता’ (अद्भुतांचे वर्णन) हा छोटा ग्रंथ रचला. पोप बाविसावे जॉन यांनी 1329 मध्ये त्याला केरळातील कोल्लमचा बिशप नेमले. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात मात्र त्याला फारशी जागा मिळालेली नाही. त्यामागे तीन समजुती आहेत आणि तिन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली समजूत अशी की, महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज तोफांच्या आडोशाने आला. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली 1534 मध्ये. जॉर्डनस आणि त्याचे चार फ्रान्सिस्कन सोबती ठाण्याला आले ते त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी. त्यांच्या पाठीशी ना आरमार होते ना राजसत्ता. ठाण्यावर अंमल होता दिल्लीच्या सुलतानाचा. शिवाय ते आले तेव्हाही ठाण्यात ख्रिस्ती घरे होतीच. ती पूर्वेकडील नेस्टोरियन पंथाची होती आणि भिक्षूंना आसरा त्यांनीच दिला. याहून जुना पुरावा सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाचा आहे. ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे तो सांगतो आणि हे ठिकाण म्हणजे कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज काळात सक्तीची धर्मांतरे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या काळालाच आरंभ म्हणणे कालक्रमाला धरून नाही.

दुसरी समजूत पहिलीच्या उलट्या टोकाची आहे. तिच्यानुसार हे भिक्षू निव्वळ निष्पाप हुतात्मे होते आणि त्यांच्याविषयी आणखी काही विचारायचे नाही. एप्रिल 1321 मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे ठाण्यात मारले गेले. जॉर्डनस तेव्हा भडोचच्या बाजूला गेला होता. परतल्यावर त्याने त्यांची प्रेते सोपाऱ्याला नेऊन पुरली. काही काळाने तिथे पोचलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने अस्थी उकरून चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या. त्याच्या वृत्तांतानुसार भिक्षू उतरले होते त्या घरातील नवरा-बायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीसाठी भिक्षूंना बोलावले गेले आणि तिथे धर्मावरचा वाद पेटला. पैगंबरांविषयीचे भिक्षूंचे जहाल उत्तर त्यांच्या जिवावर बेतले. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. वधाचे समर्थनही होऊ शकत नाही. पण दोन्ही बाजू आपापल्या सत्यावर अडून बसल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय प्रसंग पुरा होत नाही. खुद्द जॉर्डनसही सत्तेच्या मोहापासून मुक्त नव्हता. पोपने या समुद्रात दोन गलबते ठेवली तर इजिप्तच्या सुलतानाची मोठी हानी होईल, असे तो एका पत्रात सुचवतो. तो शस्त्राविना आला हे खरे, पण शस्त्राचा विचार त्याला परका नव्हता.

तिसरी समजूत विद्वानांची आहे. डॉमिनिकन संघाचा खरा वारसा थॉमस अक्वायनसच्या तर्कशुद्ध ग्रंथांत आहे, जॉर्डनसचे पुस्तक म्हणजे अजगर-राक्षसांच्या भाकडकथा, असे ती मानते. त्या पुस्तकात अशा कथा आहेत, यात शंका नाही. पण त्या बहुतेक पूर्व आफ्रिकेकडील ‘तिसऱ्या हिंदुस्थाना’च्या वर्णनात येतात आणि तिथे आपण गेलो नाही, विश्वासू माणसांकडून ऐकले, असे जॉर्डनस स्वतःच सांगतो. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याची ही शिस्त मराठी वाचकाला परकी नाही. वऱ्हाडातील रिद्धपुरात म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा जमवल्या, त्याही ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारूनच.

जे जॉर्डनसने पाहिले, ते नेमके आहे. एक फणस पाच माणसांना पुरतो असे तो लिहितो. आंब्याची गोडी, ताडी आणि नारळापासून निघणारे तेल व दोर यांचीही तो नोंद करतो. अग्नीची पूजा करणारे आणि मृतदेह बिनछपराच्या बुरुजात ठेवणारे लोक त्याच्या ग्रंथात येतात. पारशांविषयीच्या जुन्या युरोपीय नोंदींपैकी ही एक महत्त्वाची नोंद आहे. एका पुरुषाच्या चितेवर पाच जिवंत स्त्रिया गेलेल्या पाहिल्याचे तो सांगतो. इथल्या लोकांची स्वच्छता आणि खरे बोलणे त्याला भावते, तरी स्वतःचा ख्रिस्ती देशच श्रेष्ठ हा त्याचा निष्कर्ष ढळत नाही. त्याच्या दृष्टीची मर्यादा आणि निरीक्षणाचे बळ दोन्ही त्याच्या लिखाणात एकाच वेळी दिसतात.

अक्वायनसला संतपद मिळाले 1323 मध्ये, जॉर्डनसला बिशप नेमणाऱ्या पोप बाविसावे जॉन यांच्याच हातून. विद्यापीठात सिद्ध झालेले त्याचे धर्मशास्त्र आणि जॉर्डनसचे परभूमीतील काम या एकाच संघाच्या दोन वाटा आहेत. बेनेडिक्टाईन संन्यासी एका मठाला बांधलेला असे. डॉमिनिकन भिक्षूला फिरून उपदेश करायचा असे आणि त्यासाठी आधी अभ्यास करावा लागे. म्हणून जॉर्डनसची पारख प्रमेयांवरून नव्हे, तर अनोळखी समाजात त्याने काय पाहिले, काय चुकीचे समजले आणि किती प्रामाणिकपणे नोंदवले यावरून व्हायला हवी.

‘मिराबिलिया’ची लॅटिन संहिता 1839 मध्ये पॅरिसला छापली गेली आणि 1863 मध्ये हेन्री यूल यांनी तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. चौदाव्या शतकातील कोकणाविषयी समकालीन लेखी साधने थोडी असताना हा ग्रंथ बाजूला ठेवणे परवडणारे नाही. ठाणे, सोपारा आणि कल्याण यांच्या इतिहासात त्याला साधनग्रंथ म्हणून स्थान मिळाले पाहिजे. तो संतचरित्राच्या भाबडेपणाने वाचू नये आणि परक्याचा म्हणून झिडकारूही नये. शिलालेख आणि फारसी तवारिखा जशा ताडून वापरल्या जातात, तसाच तोही वापरावा. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास पोर्तुगीज सत्तेहून जुना आहे आणि त्याचा लेखी पुरावा एका फिरत्या भिक्षूने मागे ठेवला आहे.