समुद्रमेथी आणि गच्चीची परवानगी

गृहनिर्माण संस्थांचे काही कारभारी गच्चीवर चार कुंड्या ठेवण्याच्या अर्जावर गळतीच्या भयाने ‘नामंजूर’ असा शेरा मारतात, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावरील रेतीत वाढणाऱ्या इवल्या पानांच्या समुद्रमेथीचे त्यांना विस्मरण झालेले असते, असेच म्हणावे लागते. जिला वीतभर खोल मातीचीही आवश्यकता नाही, जी ३-४ दिवसांत अंकुरते आणि पंधरवड्याच्या सुमारास उपटून, मुळे छाटून कढईत पडते (कांदा-लिंबाच्या संगतीने कच्चीच ताटात आली, तर आमच्या मते अधिक रुचकर), तिला पसरट तबक, रेतीमिश्रित भुसभुशीत माती आणि निचऱ्यापुरती छिद्रे एवढा सरंजाम पुरतो. हळीव तर याहूनही उतावीळ. तबकाखाली थाळी ठेवण्याची अट खुशाल घालावी, परंतु परवानगी विनाविलंब द्यावी.