लकडगंजच्या डोक्यावर म्युऑन पडतात, कॉलेजवाल्यांनो!

"जिनिव्हाजवळ कण आपटून लकडगंजच्या माणसाले काय भेटते भाऊ?" टपरीवर हा प्रश्न मला नेहमी होतो. विचारणारा शिकलेला असतो, म्हणून जास्त राग येतो.

उत्तर आपल्या आरामशीनवरच आहे. ट्रकभर ओंडके उतरतात, जाणता माणूस नजर टाकून सांगतो, हे फळीचं, ते जळाऊ. सर्नच्या एलएचसी यंत्रात सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा प्रोटॉनचे जथे एकमेकांतून जातात. एवढं सगळं साठवणं शक्यच नाही. म्हणून तिथल्या सीएमएस प्रयोगात खास घडवलेलं इलेक्ट्रॉनिक्स काही मायक्रोसेकंदांत निवड करून लाखभर घटना पुढे पाठवतं. मग हजारो प्रोसेसर त्यातल्या साधारण हजारभर ठेवतात. बाकी भुसा. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा आमच्या पेपरांनी 'देवकण' म्हणून पानं भरली. ही चाळणी कुणाच्या मथळ्यात आली नाही.

अन् चाळणी-मोजणीच्या या कामात आपली माणसं आहेत! सर्नच्याच ॲलिस प्रयोगात म्युऑन टिपणाऱ्या भागात 'मानस' नावाची चिप बसली. आराखडा कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटचा. बनवली मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने, ज्याचा कारखाना 1989 मध्ये आगीत गेला होता. सीएमएसमध्ये मुंबईच्या टीआयएफआरचा हात आहे. म्हणजे भारताने चिप आणली नाही, दिली. हे किती जणांना माहीत आहे?

आता जो तो नेता चिपवर बोलतो. 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातेत गेला म्हणून महिनाभर टीव्हीवर भांडणं झाली. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेरही पडली. जमिनीवर भांडले, सवलतींवर भांडले. चिपचा आराखडा काढणारी पोरं कुठे तयार होणार, हा प्रश्न मी तरी एकाच्याही तोंडून ऐकला नाही.

शहरातल्या एका कॉलेजात (नाव घेत नाही) मी प्रयोगशाळा पाहिली. 1976 सालचा 8085 प्रोसेसर, धूळ खाल्लेला कीट, पोरं कोड टाकून दोन आकडे बेरजेला लावतात, जर्नल भरतात, सही घेतात. 8085 शिकवू नका असं नाही, पाया पक्का होतो. पण बेरीज करून थांबता काहून?

तळहात आडवा धरा. आकाशातून येणारा एखादा म्युऑन दर सेकंदाला त्यातून आरपार जातो, लकडगंजात पण, फुकटात. एमआयटीच्या 'कॉस्मिक वॉच' प्रकल्पाने तो मोजायचं यंत्र खुलं करून ठेवलंय : सिंटिलेटर प्लास्टिकचा तुकडा, प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर, एक आर्डुइनो. खर्च शंभर डॉलरच्या आसपास. असे दोन एकावर एक ठेवा, दोन्ही एकाच वेळी चमकले तरच मोजा. सर्नची चाळणी याच तत्त्वावर सुरू होते. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला याच्या कितीतरी पट जास्त पैसा जातो, पावत्या काढून बघा.

108वी विज्ञान काँग्रेस जानेवारी 2023 मध्ये आपल्याच विद्यापीठात झाली. भाषणं झाली, फोटो निघाले. आता प्राचार्यांनो, येत्या सत्रात शेवटच्या वर्षाच्या एका तरी गटाला हा प्रकल्प द्या. जो देईल त्याची बातमी मी स्वतः येऊन करतो. जो नाही म्हणेल, त्याने कारण लेखी द्यावं, तेही छापतो.