रॅकेट 'वाढत्या अंगाची' नको!

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीचा उजवा कोपर दुखत होता. पाण्याचा तांब्या उचलतानाही ती कळवळत होती. चौकशी केली तेव्हा कळले, की मुलगी चार महिन्यांपासून टेनिस शिकते आणि वडिलांनी तिला मोठ्या माणसांची २७ इंची रॅकेट घेऊन दिली आहे. "दरवर्षी नवी कुठून आणायची, डॉक्टर? म्हटलं, वाढत्या अंगाची घ्यावी!"

शाळेचा गणवेश आपण असाच घेतो. पण सैल सदरा अंगाला इजा करीत नाही. मोठी रॅकेट करते.

मनगट मागे वळविणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूस हाडाला जोडलेले असतात. चेंडूचा प्रत्येक हादरा तेथवर पोहोचतो. असा ताण वारंवार पडला की 'टेनिस एल्बो' होतो. तो धुणे पिळणाऱ्या गृहिणींना आणि सुतारांनाही होतो. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये याच दुखण्याने संघाबाहेर बसविले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मुलांची तर हाडेही वाढीची असतात. त्यांना अधिकच जपावयास हवे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की रॅकेट घेताना आधी हात पाहावा, मग खिसा आणि सर्वांत शेवटी जाहिरातीतील खेळाडू.

मुलांसाठी १९ ते २६ इंचांपर्यंतच्या रॅकेट मिळतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला साधारण २५ इंची पुरते. मूल ताठ उभे राहून हात सरळ खाली सोडील तेव्हा रॅकेटचे टोक जमिनीला घासता कामा नये.

मूठही तपासावी. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. दोन मापांत घोळ असेल तर लहान घ्यावी. वरून पट्टी गुंडाळून मूठ जाड करता येते.

मोठ्यांनी एक गैरसमज सोडावा. हलकी रॅकेट हाताला सोपी असतेच असे नाही. फार हलकी आणि कडक रॅकेट हादरा स्वतः न सोसता हाताकडे पाठविते. गटिंगही फार ताणून घेऊ नये. पॉलिएस्टरचे गटिंग टिकते, पण कडक असते. कोपर कुरकुरत असेल तर मऊ गटिंग घालावे.

आणि दुखणाऱ्या कोपरावर इंजेक्शन मारून मुलाला स्पर्धेत उतरवू नये. दुखणे ही शरीराची तक्रार आहे. तिचे तोंड दाबून भागत नाही.

त्या मुलीला मी विश्रांती सांगितली आणि वडिलांना लहान रॅकेट आणावयास. "मग या मोठीचं काय करू?" त्यांनी विचारले. मी त्यांच्या पोटाकडे पाहून म्हटले, "ती तुम्हीच वापरा!"